माती मळणाऱ्यांचा रकाना

आपल्या पेठेवरचा तो तीन मिनिटांचा व्हिडिओ तुम्ही दोघांनी तिकडे पाहिलात आणि लगेच फोन केलात, "आजी, किती इन्स्पायरिंग!" मग मीही चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. मागे बासरी वाजते, वरून ड्रोन फिरतो आणि एक घोगरा आवाज सांगतो की महापुरात पडलेली शंभर वर्षांची पेठ लोकांनी एकजुटीने पुन्हा उभी केली. मी त्यात क्षणभर दिसते. छत्रीखाली खुर्ची टाकून काहीतरी लिहिते आहे. तुमच्या आईला मी फार ग्रेसफुल वाटले म्हणे. मी काय लिहीत होते, हे मात्र कोणी विचारलं नाही. तेवढं सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे. माझ्याकडे बासरी नाही, सांभाळून घ्या.

पेठ तुम्हाला आठवत असेल ती सुट्टीतली. निपाणीच्या बाजूची, नदीकाठची, काळ्या फरशीची एक गल्ली, दोन्ही हातांना तंबाखूच्या जुन्या व्यापाऱ्यांची तीसेक घरं. खाली छातीएवढं दगडी जोतं. त्यावर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची, हातभर जाड भिंत. वर कौलं. शेजारच्या दोन घरांत मिळून भिंत एकच, त्यामुळे शेजारणीचा खोकला आपल्याच घरात वाजतो.

त्या पावसाळ्यात नदीचं पाणी पेठेत चार दिवस उभं राहिलं. दगडाला काही झालं नाही. माती मात्र पाणी पीत राहिली आणि मग बसली. भिंती धाडकन पडल्या नाहीत. दमलेलं माणूस पाठ टेकून खाली घसरावं तशा त्या खाली आल्या. हे मला सांगितलेलं आहे, मी पाहिलेलं नाही. मी तेव्हा टिळकवाडीत तुमच्या आईच्या तिसऱ्या मजल्यावर गरम पोळ्या खात होते. ज्यांनी पाहिलं ते व्हिडिओत बोलत नाहीत. बोलतात ते चेअरमन.

ते कसले चेअरमन, असं विचाराल. पूर्वी एका सोसायटीचे होते. सोसायटी बुडाली, पदवी तेवढी वर तरंगली. हायवेलगत त्यांचा सिमेंटचा, निळ्या काचांचा बंगला आहे आणि पेठेतल्या वाडवडिलांच्या घरात ते दिवाळीला पणती लावायला येत. पेठ पुनर्निर्माण समितीचं अध्यक्षपद त्यांना कोणी दिलं, हे मला आजही सांगता येणार नाही. पहिल्या बैठकीत मधली खुर्ची रिकामी होती, ते तिच्यात बसले, एवढं खरं.

मग शहरातून वास्तुतज्ज्ञांची तुकडी आली. सगळे तरुण, सगळे खादीत, सगळ्यांच्या हातात स्टीलची बाटली. त्यांनी आम्हाला बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मंडपात जमिनीवर बसवलं, रंगीत खडू दिले आणि म्हणाले, "तुमच्या मनातली पेठ काढा." साठी-सत्तरीची माणसं, घरात गुडघाभर गाळ, आणि ती कागदावर घरं रंगवत बसली. एकाने म्हैस काढली. त्या म्हशीचं फार कौतुक झालं. नंतर पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या, "तुमची सर्वांत मोठी गरज एका शब्दात लिहा." माझ्या शेजारी आक्का बसली होती. तिला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "लिवा बाई. भिंत." मी लिहिलं. ती चिठ्ठी त्यांनी फळ्यावर 'भावनिक गरजा' या मथळ्याखाली चिकटवली.

पत्रकं इंग्रजीत होती, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, भाषणं हिंदीत. गाळ तेवढा मराठीत उपसला.

तरी त्यांनी एक बरं केलं. लाकूड आणि कौलं देणगीदारांकडून मिळवून दिली. अट एकच होती, भिंती मातीच्याच हव्यात, आणि माती व मेहनत आमची. भिंती बांधायला बेळगुंदीचे एक वयस्कर गवंडी आले. मातीत काम करणारे आता या भागात असे किती राहिलेत! त्यांनीच सुचवलं, शेतात पैरा करता तसा इथंही करा. पैरा म्हणजे आज तुमचे दोन गडी माझ्या रानात, उद्या माझे दोन तुमच्या रानात. इथे रानाऐवजी भिंत. ही सूचना गवंड्यांची होती. व्हिडिओत ती चेअरमनांच्या तोंडून 'समुदायाचं पारंपरिक शहाणपण' होऊन बाहेर पडते.

पैऱ्याचा हिशेब ठेवायला कोणीतरी शिस्तीचं हवं होतं. मी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, माझ्या हजेरीपटावर कधी खाडाखोड झाली नाही. काम माझ्याकडे आलं. मी फुलस्केप कागदावर तांबड्या शाईने रकाने आखले. घर, गडी, दिलेले दिवस, घ्यायचे दिवस. ज्याने जितके दिवस दिले तितकेच त्याला मिळतील, कमी नाही, जास्त नाही. एकही दिवस न देणारं घर शेवटी, सवड उरली तर. मला तो तक्ता अतिशय न्याय्य वाटला. खरं सांगू का, मला तो सुंदर वाटला. चेअरमननी त्याला लॅमिनेशन करून आणलं आणि मंडपाच्या खांबाला टांगलं. रोज वर चिकटवायच्या पट्ट्या माझ्याकडे असत.

आता आक्का. ती माझी भिंतीपलीकडची शेजारीण. विधवा, मूलबाळ नाही, नवव्या वर्षापासून विड्या वळते. तिची मागची भिंत आणि स्वयंपाकघर पुरात गेलं होतं. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, निळी ताडपत्री बांधून ती राहत होती. मांडीवर सूप, सुपात पानं, आणि तोंड हातांच्याही पुढे. पेठेतल्या कोणालाही ती एका वाक्यात गप्प करू शकते. मला ती 'बाई' म्हणते, पण त्या हाकेत शाळा कमी आणि गंमत जास्त असते.

भेंडे घालायला जी माती लागते, ती पडलेल्या भिंतींचीच. ढिगारे फोडायचे, खडे वेचायचे, पाणी आणि भुस्सा घालायचा, आणि मग तुडवायची. पायांनी, तासन्‌तास. नंतर ती झाकून मुरू द्यायची आणि पुन्हा तुडवायची. हे सगळं आक्का आणि मागच्या गल्लीतल्या तिच्या विडीच्या मैत्रिणी करत. सकाळी पाच-सहा जणी लुगडी खोचून चिखलात उतरायच्या. आक्काचा आवाज पार पुलापर्यंत जाई. "तुडवा गं, दाबून तुडवा! सासू हाय खाली असं समजा!"

"माजी सासू लई चांगली हुती, आक्का."

"मग नवऱ्याला समज की गं!"

माती तयार झाली की नाही, ते तीच ठरवायची. चिमूट घेऊन बोटांत वळायची, विडी वळावी तशी. वळी तुटली की म्हणायची, "कच्ची हाय अजून. दोन दिस झोपू द्या हिला." आणि तिने झोपू द्या म्हटलं की गवंडी निमूट पान खात बसायचे.

मी समोरच खुर्चीत असायची. गडी आले की खूण करायची, गेले की खूण करायची. अर्धी पेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी, त्यामुळे चार-साडेचारला गडी हातपाय धुवायचे आणि मी कागद मिटायची. बायका त्यानंतरही तुडवत असत. त्यांच्या नावाची एक पट्टी मी कधी चिकटवली नाही. रकानाच नव्हता. पैऱ्यात गडी मोजतात, बायकांचं काम हे चुलीसारखंच धरून चाललेलं असतं, आणि मी, शाळेत मुलींना मान वर करून बोलायला शिकवणारी, तेच धरून चालले. अकरा घरांच्या भिंतींची माती माझ्या डोळ्यांसमोर तुडवली गेली. कागदावर ऊन येऊ नये म्हणून मी छत्री धरून बसले होते.

आक्काचा एक भाऊ हिंडलग्याला असतो. टेंपो चालवतो, माणूस सरळ आहे. तो दर पंधरा दिवसांनी येऊन म्हणायचा, "आक्के, चल आता माज्याकडं. किती दिस ताडपत्रीत काढणार?" शेवटी त्याने दिवस ठरवला. अक्षय तृतीया झाली की टेंपो घेऊन येतो. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पावसाळा आला की ताडपत्रीत राहणं शक्य नव्हतं. त्या आत भिंत उभी राहिली तर आक्का इथे, नाहीतर हिंडलग्याला. ती एकदा मला म्हणाली, "भावजय वाईट न्हाय. तिथं मला जेवायला मिळंल बाई, पर वाढायला मिळणार न्हाय." एवढंच. मग पुढची विडी वळायला घेतली.

चैत्रात समितीची बैठक झाली. अकरा घरं झाली होती, पुढचा क्रम ठरवायचा होता. चेअरमननी खांबावरचा तक्ता वाचला. आक्काच्या घरापुढे दिलेले दिवस शून्य.

"आक्का, तुमच्या घरात गडी न्हाय, त्याला आम्ही काय करणार?" ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तक्ता बाईंनी केलाय. त्यात कुणाचा पक्षपात न्हाय."

आणि मग त्यांनी पिशवीतून एक चित्र काढलं. आक्का भावाकडे जाणारच आहे, तर तिने जागा समितीला द्यावी. तिथे 'पूरस्मृती दालन' करू, पाहुण्यांना बघायला. पुराचे मोठे फोटो, भिंतीवर पाण्याची खूण, खाली दिवे. वास्तुतज्ज्ञांतल्या एका मुलीचे डोळे भरून आले. ज्या बाईला पुराने घराबाहेर काढलं नव्हतं, तिला काढून तिथे पुराचे फोटो लावायचे होते, आणि मंडपात कोणालाही हसू आलं नाही.

मीही गप्प बसले. का, तर माझ्या तक्त्यात पक्षपात नाही असं चारचौघांत म्हटलं गेलं, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. तुमच्यापासून हे लपवणार असते तर मी लिहायलाच बसले नसते.

आक्का उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "दिवे लावणार व्हय? आता माज्याकडं लाईट न्हाय म्हणून सहा म्हैनं सांगतीय, ते ऐकू आलं न्हाय." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माती मळायला आली नाही. रुसली नव्हती. मी डोकावले तर डबे पुसून पोत्यात भरत होती. ती नाही म्हटल्यावर बाकीच्या बायकाही आल्या नाहीत.

पुढचं घर होतं चेअरमनांचं. देणगीदारांकडचे पाहुणे पाहणीला यायचे होते, म्हणून चेअरमनांना घाई होती. त्यांनी आपल्या मजुरांना खोऱ्याने माती कालवायला लावली. दुपारी कालवली, संध्याकाळी साच्यात घातली. चार दिवसांनी भेंडे उचलायला गेले तर हातात घेतला की दोन तुकडे. सगळं अंगण भेगाळलेल्या ढेकळांनी भरलेलं. गवंड्यांनी एक भेंडा पायाने लोटला.

"ही माती न्हवं, चिखल हाय."

"मग काय करायचं?" चेअरमन म्हणाले. "थोडं सिमेंट टाकलं तर?"

"टाका की. फोटोत कळणार न्हाय. पावसाला कळंल."

चेअरमन माझ्याकडे आले. खुर्चीत न बसता उभेच राहिले, त्यावरून मी काय ते ओळखलं.

"बाई, तुम्ही आक्कांना जरा समजावा. पेठेच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"पेठेच्या की तुमच्या अंगणाच्या?"

"तेच ते हो."

मी गेले. आक्का पोत्यावर बसून पोत्याचंच तोंड शिवत होती. मी आडून आडून सुरुवात केली, माती, पाहुणे, परंपरा. मीही चेअरमनांसारखी बोलायला लागले होते.

"बाई," ती सुई दातात धरून म्हणाली, "तुमच्या कागदात बगा, मी कवा माती तुडवायला आलते का?"

"नाही, पण..."

"मग नसंल आले. कागद खोटं बोलंल व्हय?"

मी घरी आले आणि कोरा फुलस्केप घेतला. जुन्या तक्त्यावरून कोणत्या दिवशी कोणाचं घर होतं ते कळत होतं. त्या दिवशी चिखलात कोण होतं, ते आठवून लिहायचं होतं. आश्चर्य म्हणजे मला बहुतेक आठवलं. म्हणजे मी पाहत होते, फक्त मोजत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीत गेले, चौघी विड्या वळत होत्या त्यांच्यात बसले आणि वाचून दाखवलं. त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली.

"त्या दिशी ही न्हवती बाई, हिच्या लेकीचं बारसं हुतं."

"आणि मी दोन दिस जास्त हाय. लिवा. तांबड्या शाईनं लिवा!"

"बाई, आता पायाचा ठसा घ्यायचा का आमच्या?"

त्या हसत होत्या, मी खोडत होते. जन्मात पहिल्यांदा माझ्या तक्त्यावर खाडाखोड झाली.

बैठक मीच बोलवायला लावली. उभी राहून घरागणिक वाचत गेले. माती मळणाऱ्यांचा नवा रकाना धरला तर सगळ्या पेठेत सर्वांत जास्त दिवस आक्काचे निघत होते. चेअरमनांच्या नावावर होते ते त्यांच्या मजुरांचे दिवस, आणि स्वतः त्यांनी घमेलं धरलं होतं ते कॅमेरा आला तेव्हा. हेही मी वाचलं.

"पैऱ्यात बायका मोजत न्हाईत, बाई," चेअरमन म्हणाले. "रीत न्हाय तशी. आपण रीतीनं चाललोय."

मागून गवंडी बोलले. बैठकीत ते कधी बोलत नसत. "चेअरमन, तुमच्या अंगणातले भेंडे मोजा की मग. ते गड्यांनीच घातलेत."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू मंडपभर गेलं. चेअरमननी वास्तुतज्ज्ञांकडे पाहिलं. ती डोळे भरून आलेली मुलगी आता भराभर वहीत लिहीत होती. 'जेंडर' हा शब्द मी उभ्या जागेवरून वाचू शकत होते. त्यांनाही एक नवा मथळा सापडला होता. असो, उपयोग झाला. आधी आक्काची भिंत, मग चेअरमनांची, असं ठरलं. मागच्या गल्लीतल्या बायकांचे दिवस त्यांच्या घरांना द्यायचे, हेही मी लिहून घेतलं. तिथली दोन घरं झाली आहेत. बाकीची अजून व्हायची आहेत, कारण पत्र्याच्या घराला हेरिटेज म्हणत नाहीत आणि तिकडे पाहुणे जात नाहीत. मी दर बैठकीत तो कागद काढते आणि सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

आक्काने भरलेलं पोतं उसवलं नाही, पण चिखलात उतरली. झाकून ठेवलेली थोडी माती मुरलेली होती, बाकीची तिने पुन्हा तुडवून घेतली. भेंडे वाळेपर्यंत अक्षय तृतीया आली आणि गेली. भिंत चढायला लागली तेव्हा रांगेत उभे राहून हातोहात भेंडे द्यायला चेअरमनही होते. त्यांनी हातमोजे घातले होते. "हळू द्या चेअरमन," आक्का वरून म्हणाली, "मुरल्या मातीचं हाय, फुटणार न्हाय. पर तुमची भेंडं फोडायची सवय जायची न्हाय."

भिंत वाशांना लागली त्या दिवशी सकाळी तिचा भाऊ टेंपो घेऊन दारात उभा. ठरल्याप्रमाणे न्यायला आला होता.

"आलास व्हय? बरं झालं," आक्का म्हणाली. "कौलं पडल्यात वखारीत, आणायला गाडी न्हवती."

"आक्के, मी तुला न्यायला आलतो गं."

"मग ने की! आदी कौलं आण."

त्याने तीन खेपा केल्या. शर्ट काढून शिडीवर चढला, आणि शेवटची ओळ लागेपर्यंत बहिणीला एकसारखा बोलत होता. उन्हं कलायच्या आत तिने त्याला नव्या स्वयंपाकघरात पाट मांडून जेवायला वाढलं. भाकरी, झुणका, ताक. तो म्हणाला, "लई तिखट केलंयस." ती म्हणाली, "मग घरी जाऊन खा." रिकामा टेंपो घेऊन तो एकटाच परत गेला. पोतं तिने उसवलं आणि डबे फळीवर मांडले.

मीही तिथेच होते. नव्या जमिनीला सारवणाचा वास येत होता. दिवसभर उभी राहून माझे गुडघे भरले होते, म्हणून चटईवर बसले आणि सवयीने पाठ मागे नेली.

"बाई, टेकू नका," आक्का ओरडली. "ओली हाय अजून. तुमचं वजन सोसायला तिला आठ दिस लागतील."

मी सरळ बसले.